इंचाला आठ फूट

३० जानेवारी १९५५, रविवार

आज ठरवायचंच. दोन वर्षं नुसती मासिकं चाळण्यात गेली. रिटायर होताना गार्डसाहेबांनी तो इंग्रजी मासिकांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मास्टर, रेलगाडी बनाना है तो पहले स्केल पक्का करो, बाकी सब बाद में." तिथेच गाडं अडलंय.

काय करायचं ते पक्कं आहे — मी मास्तर आहे ते आपलंच स्टेशन, लाकडात बारकं करून. छोटी लाइन, एक मेन, बाजूला गाड्या उभ्या करायला एक लूप, मालधक्का, पाण्याची टाकी, चिंच. विलायती स्टेशनं मला नकोत, ती मी कुठे पाहिलीत!

मागची खोली बारा फूट. एका इंचाला खरे चार फूट धरले तर मालडबा साडेपाच इंचांचा होतो. हातात घ्यावासा वाटतो, चाकंही माझ्या जाड बोटांना जमतील. पण मग स्टेशन सतरा फुटांचं होतं, म्हणजे थेट स्वयंपाकघरात. बायकोला विचारून पाहिलं. "आणा न चुलीपर्यंत," म्हणाली. "भाकर थापता थापता झेंडी दाखवीन मी." नको म्हणायची ही तिची पद्धत.

इंचाला आठ फूट धरले तर सगळं मावतं. पण डबा पावणेतीन इंच, आणि चाक तुरीच्या दाण्याएवढं. कोण घडवणार ते?

२ फेब्रुवारी

ठरलं. इंचाला चार फूट. मासिकात तोड सापडली — डबे मोठे ठेवा, रुळांची लांबी कापून टाका. विलायतेत सगळे असंच करतात म्हणे. 'पाहणारा डबे पाहतो, लांबी कोणी मोजत नाही.' वा. दोन वर्षं उगीच डोकं खाल्लं.

बल्लारशाहून आणवलेल्या सागाच्या फळ्या काढल्या.

५ फेब्रुवारी

सकाळी इस्तारी दारात. "काई काम हाये का, मास्तर?"

इस्तारी आमचा सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा, गेल्या अठरा तारखेपासून सस्पेंड. आणि त्याच्याविरुद्धचा रिपोर्ट माझाच.

त्या दिवशी लूपवर बावीस मालडबे लावायचे होते. याने शेवटचा डबा लूपच्या टोकाच्या पांढऱ्या दगडाच्या बाहेरच ठेवला. दगडाच्या बाहेर राहिलेला डबा शेजारच्या लाइनवरच्या गाडीला लागतो, हे लहान पोरालाही कळतं. मेनवरून आलेली मिक्स्ड गाडी त्याला घासली. दोन डबे रुळांवरून उतरले, फायरमनचा हात मोडला. मी लिहिलं, 'सांधेवाल्याने डबे नीट दाबून लावले नाहीत.' त्यानेही मुकाट अंगठा दिला. चौदा मार्चला साहेब चौकशीला येणार. नाव कटेल बिचाऱ्याचं. पण मी काय करू? लूपमध्ये बावीस मावतात, स्टेशनच्या बुकात छापलेलं आहे.

लाकूड कापायला बसवला. जातीचा ढिवर, जाळी विणून विणून बोटं बारीक कामाला तयार. संध्याकाळपर्यंत चार डबे कापले, माझ्यापेक्षा सरळ.

बायको रात्री जेवताना म्हणाली, "त्याच्या पोटावर पाय द्यायचा अन् त्यालाच करवत चालवायला लावायची. बरं आहे तुमचं."

तो आपणहून आला, असं सांगितलं. ती भाजी वाढत राहिली.

८ फेब्रुवारी

इस्तारी रोज येतो. त्याला या गाडीचा शौकच लागलाय. लागू दे, मन रमतं त्याचं.

आज लूप फळीवर आखला, डबे मांडले. लांबी मासिकाप्रमाणे कापलेली. इस्तारी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"हे आपलं टेशन हाये, मास्तर?"

"मग कोणाचं?"

"इथी तं नऊच डबे मावतेत."

मी मासिक उघडून समजावलं. रूप खरं असलं म्हणजे झालं, लांबी कोणी मोजत नाही वगैरे. तो म्हणाला, "रूप तं बढिया हाये." आणि पुन्हा करवत घेतली.

चिडचिड झाली. अडाणी माणूस, त्याला काय कळतं यातलं!

९ फेब्रुवारी

नऊ डब्यांचं स्टेशन. दिवसभर तेच डोक्यात. ड्यूटीवर असताना लूपकडे पाहिलं की वाटायचं, हा एवढा लांब, आणि घरी मी त्याची शेपटी छाटून ठेवलीय.

११ फेब्रुवारी

मोडलं सगळं. इंचाला आठ फूट. लांबी खरीच ठेवणार, डबे होईनात का बारके. चाकंच करायची नाहीत, नुसते ठोकळे — हा उपाय मला दोन वर्षांत सुचला नाही.

बायको म्हणाली, "म्हणजे माझी चूल वाचली."

लूप किती लांब, ते टेपने मोजायचं होतं. इस्तारीला टेपचं टोक धरायला नेलं तर चालता चालताच म्हणतो, "दगडापासून दगडापर्यंत दोनशे चार पावलं." टेपने भरले पाचशे दहा फूट. पावलाचे अडीच फूट धरले तर तंतोतंत! डोकं आहे याला. कामात तेवढा आळस केला नसता तर.

१९ फेब्रुवारी

मार्कंड्याच्या जत्रेची गर्दी. आठवडाभर तिकिटंच फाडतोय. खऱ्या रेल्वेपायी माझी रेल्वे पडून आहे.

इस्तारीची बायको चंदाबाई मासोळ्या देऊन गेली. नको नको म्हणताना ओट्यावर ठेवून निघाली. बायको म्हणते, तिने विचारलं, "बाई, चौदा तारखेले होईन का जी काई बरं?" मासोळ्या चांगल्या होत्या. मला जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

लूप तयार. पावणेचौसष्ट इंच, दोन्ही टोकांना पांढरे खडे. बावीस ठोकळे कापले आणि एकाला एक लावून मांडले. बरोबर मावले! वर सव्वातीन इंच शिल्लक.

खोटं कशाला लिहू, जीव हलका झाला. बुक खरं, रिपोर्ट खरा. बावीस डबे लावून वर सव्वीस फूट जागा उरत असताना याने शेवटचा बाहेर ठेवला म्हणजे चूक त्याचीच. दाखवावं म्हणून इस्तारीला हाक मारली. दाखवायची गरज नव्हती, पण मारली.

त्याने एक ठोकळा उचलून बोटांत फिरवला. "हे जुने डबे हायेत न, मास्तर?"

माझ्याकडे नक्षा जुन्याच डब्याचा आहे, बावीस फुटी.

"त्या दिवशी तं लंबेवाले बी होते," म्हणाला, आणि ठोकळा होता तिथे ठेवून घरी गेला.

२६ फेब्रुवारी

काल दिवसभर काही केलं नाही. आज मालधक्क्यावर एक नवा डबा उभा होता. टेप घेऊन गेलो. बफरपासून बफरपर्यंत पंचवीस फूट.

२७ फेब्रुवारी, रविवार

रजिस्टर काढलं. अठरा जानेवारीच्या बावीस डब्यांपैकी चौदा नवे, आठ जुने.

एकट्याने बसून चौदा ठोकळे नव्याने कापले, तीन इंच आणि एक सूत, म्हणजे पंचवीस फूट. इस्तारीला आज येऊ नको म्हणालो.

मावत नाहीत. दोन इंच बाहेर. एकवीस मावतात, बाविसावा खड्याच्या पलीकडे. दाबून पाहिलं, तिरपे करून पाहिलं. लाकूड ते, दाबून आत जाणार आहे का? दोन इंच म्हणजे सोळा फूट. बुक छापलं तेव्हा नवे डबे नव्हतेच. कोणी पुन्हा मोजलं नाही.

२८ फेब्रुवारी

आता सगळं लिहून टाकतो, इथे तरी.

रिपोर्टात मी लिहिलं नाही, पण त्या दिवशी इस्तारी ऑफिसच्या खिडकीशी आला होता. त्याचं कुरकुरणं नेहमीचंच, म्हणून मी विसरलो, असं आजवर स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो. तो म्हणाला, "मास्तर, एक मावून नाई राह्यला." मी म्हणालो, "बुकात बावीस आहेत. नीट दाबून लाव." तो तरी उभाच. मी म्हणालो, "जा."

नियम असा की लाइन क्लिअर, म्हणजे गाडीला येण्याची परवानगी, देण्याआधी मास्तरने स्वतः जाऊन दगड पाहायचा. चाळीस पावलं चालायची. मी उठलो नाही. माझ्या हातात मासिक होतं. 'स्केल कसे निवडावे', पान अकरा.

३ मार्च

ठोकळे डब्यात भरून माळ्यावर टाकले. फळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या. लांबी कोणी मोजत नाही.

६ मार्च

बायको म्हणाली, "इस्तारी येऊन गेला. गाडी कुठी गेली विचारत होता. काय सांगू?"

मोडली म्हणून सांग, म्हणालो.

"मोडली तर माळ्यावर काय आहे?"

मग तिला सगळं सांगितलं. मासिकाचंही. ती गहू निवडत होती. वाटलं आता ओरडेल. नोकरीचं, बदलीचं, लोकांचं काहीतरी काढेल. ती फक्त म्हणाली, "चंदाबाईच्या मासोळ्या मी खाल्ल्या हो. तुम्ही नाही खाल्ल्या, मी खाल्ल्या."

११ मार्च

भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, खूप भीती वाटते. बावीस वर्षांची नोकरी. हाही आकडा बावीसच.

१४ मार्च, सोमवार

साहेब आले. ऑफिसात टेबल लावलं. आधी इस्तारीला आत घेतलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, "चूक माही हाये, साहेब."

मी म्हणालो, साहेब, मला काही दाखवायचंय. फळ्या उचलून आणल्या आणि मालधक्क्यावर मांडल्या. हमाल जमले. साहेब म्हणाले, "ये क्या खिलौना है?" कोणीतरी हसलं. मी म्हणालो, हो, खेळणंच आहे, पण मोजून केलंय. रजिस्टर उघडून एकेक डब्याचा नंबर वाचत गेलो आणि ठोकळे लावत गेलो. एकवीस झाले. बाविसावा साहेबांच्या हातात दिला.

त्यांनी ठेवला. मग दाबला. मग खाली वाकून दोन्ही टोकं पाहिली. मग टेप मागवला आणि स्वतः खऱ्या लूपवर गेले. परत आले ते घामाने भिजून, आणि खुर्चीत बसले.

"सांधेवाल्याने सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. मी बुक दाखवलं."

"तुम्ही दगड पाहिला?"

"नाही."

"काय करत होतात?"

सांगितलं. मासिकाचंही. साहेबांनी लिहिताना पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले. इस्तारी दाराशी उभा होता, खाली बघत.

घरी आलो. पोटभर जेवलो.

२९ मार्च

इस्तारी ड्यूटीवर परत. सकाळच्या गाडीला त्यानेच सांधा लावला. बुकातला आकडा खोडून नवा आला — लूपच्या लांबीचे फूट लिहायचे, डब्यांची संख्या नाही.

माझी वर्षाची पगारवाढ बंद आणि बदली गोंदियाच्या बाजूला. वाटलं होतं त्याहून कमी. बायको म्हणाली, "तिथली खोली किती फुटांची आहे, आधीच विचारून ठेवा."

३ एप्रिल, रविवार

इस्तारी सामान बांधायला आला. फळ्या बारदानात गुंडाळून त्याने जाळ्याच्या गाठी मारल्या. मी म्हणालो, फळ्या तूच ठेव, तुला शौक आहे. तो नको म्हणाला. मग विचारलं, दोनशे चार पावलं कधी मोजली होतीस रे?

"दुसऱ्याच दिवशी, मास्तर. डबे बी मोजले. सोळा फूट कमी."

"मग अंगठा काऊन दिला?"

"सांधेवाल्याचं पाऊल कोण लिहून घेते? तुम्ही मोजलं तं कागद झाला."

दोर ओढून गाठ घट्ट केली आणि पेटी डोक्यावर घेतली.

"म्हणून तं रोज येत होतो. मले का रेलगाडीचा शौक हाये?"