आरशांची अंघोळ

माय, धारूरकडच्या माळावर आता आरशांचं शेत झालंय आणि तुझी लेक तिथं आरसे धुते. हसू नको. आरसे ऊन गोळा करतात, त्या उन्हानं पाण्याची वाफ होते, वाफेवर वीज. मग ती वाफ निववायला परत पाणीच. वाऱ्यानं निववायचं यंत्रही असतं म्हणे, पण ते महाग पडतं आणि वीज कमी देतं, म्हणून आणलं नाही. बोअर मारले, आटले, आता टँकर येतात. धूळ बसली की ऊन वाया जातं, म्हणून मी पाईप धरून उभी. आपल्या गावात आठ-आठ दिवस टँकर नाही आणि इथं माझ्या पायाखाली चिखल!

पहिल्या आठवड्यात मला ते बघवेना. तू भांडी कोरड्या राखेनं घासायचीस, आणि मी तांब्याभर जास्त घेतलं की ओरडायचीस, "कावून सांडतीस गं? तुझ्या बापानं हिर बांधून ठेवलीय का?" तेच कानात. एक दिवस पाईप बंद केला आणि पदरानं अख्खी रांग कोरडीच पुसून काढली. वाटलं, शाबासकी मिळेल. पण आपल्या माळाची धूळ ती, बारीक खड्यांची. सगळ्या काचांवर ओरखडे. मुकादमानं कपाळाला हात लावला. "अवो बाई, पाणी सस्त हाय, आरसा लई महाग हाय!" पाणी सस्त! तू असतीस तर उभं सोललं असतंस त्याला. मी मात्र मान खाली घालून पाईप सुरू केला, अजून सुरूच आहे.

आणि पाणी काचेवरून ओघळायला लागलं की तूच दिसतेस, त्या शेवटच्या उन्हाळ्यातली. अंथरुणाला खिळलेली, घामानं चिकट झालेली. "एक डाव डोक्यावरून पाणी घाल गं. लई बरं वाटंल." मी म्हणते, "टँकर आला न्हाई माय, उद्या घालते," आणि ओल्या फडक्यानं पाय पुसते. तू म्हणतेस, "राहू दे मग. लेकरांना प्यायला ठेव." दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

हे कुठं पाठवणार? तुला वाचताही येत नव्हतं, आणि समोर बसून वाचून दाखवायची माझी छाती झाली नसती. त्या दिवशी टँकर आला होता, माय. रांजण काठोकाठ भरलेला होता, पण तो पुढचे आठ दिवस पुरवायचा होता. सकाळी बायकांनी तुला अंघोळ घातली, ती त्याच पाण्यानं.