दृष्टमण्यांचा कारखाना, घाटकोपर

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार. दुपार.

सुगंधा, वाचायला बसण्याआधी गॅसवरचं दूध बघून ये. विसरलीस ना? मला ठाऊक होतं.

मी सांगणार, माझी सून सुगंधा लिहिणार, आणि मी म्हणेन तेव्हा तिनेच वाचून दाखवायचं. म्हणजे या वहीला वाचक एकटी सुगंधा, आणि तिला सकाळी ठेवलेलं दूध दुपारी आठवतं. म्हणून सगळं तारीखवार. मला अक्षर येत नाही, पण माझं काही अडलेलं नाही. मी काही विसरतच नाही. वही तिच्यासाठी आहे.

हेसुद्धा लिहू का, असं ती विचारते. लिही. राधाबाई मी आहे, तू नाहीस.

महत्त्वाचं. नात शुभा पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय. बारशाला बाळाच्या मनगटात माझ्या हातचे दृष्टमणी बांधायचे. काळी काच, वर पांढरे ठिपके. कुणाची नजर लागायला नको. महिला मंडळाच्या हॉलमध्ये मुलुंडच्या मृणालिनीबाई काचेचे मणी शिकवतात, तिथे नाव घातलं.

जयवंता म्हणाला, आई, बाजारात ढिगाने मिळतात, करायचे कशाला? मी म्हटलं, बाजारात भाकरीपण मिळते, मग लग्न कशाला केलंस? माझाच मुलगा, पेपर उघडून बसला. सुगंधाने मात्र इथे पेन खाली ठेवलं होतं.

शुभाच्या सासूबाई, अंधेरीच्या माणिकताई, सोन्याची मनगटी आणणार आहेत म्हणे. आणोत. सोन्याला नजर लागते. काच नजर खाते.

५ फेब्रुवारी.

वर्ग. झकास. लोखंडी तार शाडूच्या चिखलात बुडवून वाळवायची. काचेची कांडी ज्योतीत धरायची. काकवीसारखी झाली की तारेवर गुंडाळायची आणि तार फिरवत राहायची. हात थांबला की मणी लोंबला. माझा थांबला नाही. बाई म्हणाल्या, आजी, हात छान आहे हो. दुसऱ्या कुणाला असं म्हणाल्या नाहीत.

सुगंधा म्हणते, सगळ्यांना म्हणाल्या, ती दारात उभी होती. ही वही तिची की माझी?

बाई म्हणाल्या, आता मणी थंड कसा करायचा ते बघा, तेच महत्त्वाचं आहे. पण नळ यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, बाई, गरम वस्तू आपली आपण गार होते, पाणी आपलं आपण भरत नाही. निघाले.

८ फेब्रुवारी.

आजही नळ. काल तर पाणी लवकर आलं. शेवटचा भाग तिन्ही दिवस राहिला. काही बिघडत नाही. वर्ग सोडला. जे यायचं ते आलं.

१० फेब्रुवारी.

गॅलरीत कारखाना सुरू. रॉकेलचा स्टोव्ह, पिन, तारा, शाडू. कासाराकडून काळ्या बांगड्यांचे तुकडे आणले. पांढऱ्या ठिपक्यांसाठी सुगंधाच्या लग्नातल्या सेटमधली दुधी काचेची बशी घेतली. बशी फुटलेलीच होती. सुगंधा म्हणते, सकाळी धड होती. मी दुपारची गोष्ट सांगतेय.

तयार मणी ओट्यावर, कडाप्प्याच्या दगडावर ठेवते. नारळाच्या वड्या तिथेच गार होतात, मण्यांना काय वेगळं पाहिजे?

निश्चय: रोज एक मनगटी.

१४ फेब्रुवारी.

अजून एक मनगटी नाही. काही मणी तारेला असे चिकटले की पकडीनेही निघेनात. दोष तारेचा. एक मणी चिंचोक्यासारखा, एक वाटाण्यासारखा. जयवंता हसला. हातचं म्हणजे असंच असतं. सारखे मणी मशीन करतं.

स्टोव्हची काजळी वरच्या मजल्यावरच्या नलिनीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसली. मला वाटलं, आता भांडण. कंबर कसून उभी राहिले. ती खाली आली ती रेशमी दोरा घेऊन. म्हणाली, आजी, मणी ओवायला घ्या, माझ्याकडे पडून आहे. भांडणाची सगळी तयारी फुकट गेली.

नलिनी म्युनिसिपालटीच्या शाळेत बाई आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात मूल नाही. चाळीतली पोरं तिच्याकडेच असतात. रडणारं पोर तिने घेतलं की गप्प. समोरच्या खोलीतल्या शेवंतीचा नातू तर तिच्याच कडेवर वाढला.

१८ फेब्रुवारी.

सकाळी डबा उघडला तर निम्मे मणी तडकलेले. काल संध्याकाळी धड होते!

सुगंधा म्हणाली, कच्चे राहिले असतील. तिने आयुष्यात एक मणी केलेला नाही.

पूजा होईपर्यंत विचार केला आणि उलगडा झाला. दृष्टमण्याचं काम काय? नजर स्वतःवर घेणं. नजर घेतली की तो फुटणार. म्हणजे माझे मणी फुटतात ते कामाचे आहेत म्हणून. बाजारातले वर्षानुवर्षं फुटत नाहीत, कारण ते काही करतच नाहीत. नुसते बसून पगार खातात.

गावी आमची आजीही असंच म्हणायची. म्हणत नसेल तर म्हणायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी.

पहिली मनगटी शेवंतीच्या नातवाला बांधली. शेवंती आमच्याच मुलखातली, कुडाळची. खूश. सगळ्या चाळीला दाखवून आली.

२४ फेब्रुवारी.

शेवंती धावत आली. आजये, मणी फुटलो गो! मी म्हटलं, अभिनंदन. तुझ्या नातवावरचं गेलं. तिला धीर आला. मग तिने विचारलं, पण नजर कोणाची? मी कोणाचंही नाव घेतलं नाही. मी फक्त विचारलं, काल पोर कोणाकोणाकडे होतं?

ती म्हणाली, घरात. आणि संध्याकाळी नलिनीकडे.

मी काही बोलले नाही. सुगंधा, हे नीट लिही. मी काही बोलले नाही.

२७ फेब्रुवारी.

मण्यांना मागणी. तळमजल्यावरून तिघी आल्या, पलीकडच्या चाळीतूनही आल्या. आणखी दोन मनगट्या तडकल्या. ती पोरंही आठवड्यात कधीतरी नलिनीने घेतली होती म्हणे. आता तिने कोणतं पोर घेतलेलं नाही, ते सांगा! पण चाळीला कोण समजावणार?

जिन्यावर नलिनी दिसली की बायका पोराच्या डोक्यावर पदर घेतात. शेवंतीने नातवाला तिच्याकडे झेपावताना ओढून घेतलं, तो केवढ्याने रडला. नलिनी आता गॅलरीत येत नाही. शाळा आणि घर.

शुभा पोट सांभाळत माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, आजी, हे तू केलंस. मी म्हटलं, मी मणी केले. ती म्हणाली, मग जाऊन सांग सगळ्यांना. काय सांगू? माझा माल चांगला आहे, हे सांगू?

या दिवसांत बायका चिडचिड्या होतात. मनावर घेतलं नाही. जेवण मात्र गेलं नाही.

२ मार्च, रविवार.

पणती झाली! नाक माझं. माणिकताई म्हणतात, त्यांच्या घरचं. त्यांच्या घरात असं नाक असतं तर त्यांनी फोटो काढून भिंतीवर लावला असता.

६ मार्च.

भाजी आणायला गेले, तिथे मृणालिनीबाई भेटल्या. म्हणाल्या, आजी, मणी राखेत पुरता ना? मी म्हटलं, कसली राख? त्या म्हणाल्या, अहो, गरम राखेच्या डब्यात. मणी हळूहळू निवला पाहिजे. बाहेरून पटकन गार झाला आणि आतून गरम राहिला की मग कधीही तडकतो. दोन तासांनी, दोन दिवसांनी. लहान पोरांना तर देऊच नका, धार असते.

मी म्हटलं, राखेने आम्ही भांडी घासतो. आणि मेथीची जुडी उचलून चालू लागले.

जळते बाई. तिच्या वर्गात आता कोणी येत नसेल.

घरी येऊन शेगडी पेटवली आणि काही नवे मणी करून लगेच गरम राखेत पुरले. नुसतं तिला खोटं पाडायला.

९ मार्च.

राखेतला एकही मणी फुटला नाही. म्हणजे त्यांच्यात शक्तीच नाही. बाजूला टाकले.

सुगंधा माझ्याकडे बघत बसलीय. बघू नको, लिही.

१२ मार्च.

उद्या बारसं. ओट्यावर गार केलेल्यातले सगळ्यात देखणे मणी निवडून मनगटी ओवली. नलिनीच्याच दोऱ्यात. दुसरा दोरा घरात नव्हता.

शुभा सकाळीच जिना चढून वर गेली. दहाव्या-अकराव्या दिवशी बाळंतीण जिने चढते! नलिनीला म्हणाली, उद्या पाळण्याच्या पलीकडे तू उभं राहायचंस, बाळ पहिल्यांदा तुझ्या हातात देणार. शेवंतीला कळलं तशी ती माझ्याकडे आली, की आजये, तू काय ता सांग नातीक. नात माझं ऐकणारी असती तर माझी नात कशी झाली असती?

खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. का, ते विचारू नको. लिहूही नको.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.

बारसं झालं. नाव शर्वरी. अंधेरीकरांनी निवडलं.

माणिकताई सोन्याची मनगटी घेऊन आल्या. मी माझी सकाळीच बांधून टाकली होती, उजव्या हातात. सोन्याला डावा हात उरला. त्यांना ते कळलं आणि मला कळलं की त्यांना कळलं. तिथपर्यंत दिवस फार छान गेला.

मग पाळण्याची वेळ झाली. अलीकडे शुभा. पलीकडे शेवंतीच जाऊन उभी राहिली होती, न बोलावता. शुभाने नलिनीला हाक मारली. नलिनी दारात होती, पायात चपला, निघायच्या बेतात. शुभाने पुन्हा हाक मारली. तेव्हा तिने चपला काढल्या आणि आली. शेवंतीला बाजूला व्हावं लागलं.

शुभाने पाळण्याखालून बाळ दिलं. नलिनीने घेतलं. आणि टक् झालं.

एवढासा आवाज. पण ऐकला सगळ्यांनी. ऐकणारच, त्याची वाट बघायला मीच शिकवलं होतं.

सगळ्या बायका नलिनीकडे बघायला लागल्या. शेवंती म्हणाली, बघा. एवढंच. माणिकताई बाळ घ्यायला पुढे झाल्या. नलिनी देईना. तिने बाळाच्या मनगटावर आपली मूठ घट्ट मिटली होती. मी म्हटलं, नलिनी, हात सोड गो. तिने आधी दुसऱ्या हाताने दोरा सोडवला, मनगटी ओढून घेतली, मग मूठ उघडली. मण्याचा तुकडा तिच्या तळव्यात रुतला होता. बाळाला ओरखडासुद्धा नाही.

शेवंतीने मला विचारलं, आजये, आता काय म्हणतंस? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. चाळीतल्या बायका, अंधेरीकर. नलिनी तेवढी माझ्याकडे बघत नव्हती. ती हातातून रक्त बाळाच्या झबल्यावर पडू नये म्हणून हात लांब धरून उभी होती.

मी म्हटलं, मणी कच्चा होता.

शेवंती म्हणाली, काय?

मी म्हटलं, बहिरी झालीस? मणी कच्चा. माझे सगळे मणी कच्चे. राखेत निववायला हवे होते, मी ओट्यावर आपटले. कोणाच्या नजरेने काही फुटलेलं नाही, माझ्या हाताने फुटलंय. ज्यांनी नेलेत त्यांनी पोरांच्या हातातले आत्ता काढा. बघता काय? काढा!

अंधेरीकरांसमोर. जयवंता खुर्चीवरून उठून उभाच राहिला. सुगंधाने कोणाला विचारायची संधी न देता घुगऱ्या वाटायला घेतल्या. अशा वेळी ती बरी वागते. हे वाक्य एकदाच लिही.

माणिकताई मला म्हणाल्या, राहू द्या हो, बाजारात चांगले मिळतात. यावर माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही.

१४ मार्च.

सकाळपासून बायका मणी परत आणून देताहेत. कोणी काही बोलत नाही. डबा पुढे करतात, मणी ओततात, जातात. एक जरी काही बोलली असती तरी मी उत्तर दिलं असतं.

शेवंती आली, तिने नातवाचा दोरा ठेवला. मी विचारलं, नलिनीकडे गेलीस? ती म्हणाली, जातंय. मी म्हटलं, जा, आधी जा, मग माझ्या दारात ये.

मी सकाळीच जाऊन आले. तिने दार उघडलं, आजी या म्हणाली, खुर्ची दिली, चहा विचारला. पाहुण्यांना विचारतात तसा. मी चहा घेतला नाही. उजव्या तळव्याला पट्टी आहे, म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात दोन टाके घातलेत. आधी खाली येऊन माझ्याच डब्यातून लाडू घ्यायची ती.

सुगंधा विचारते, कारखाना बंद, असं लिहू का? सुट्टी आहे, असं लिही.

आणि काल मी बोलले ते खरं होतं. हे लिहू नको. लिहिलंस? मग खाली लिही, स्टोव्हही जुना होता.

आता वही ठेव आणि ऊठ. नलिनीला त्या हाताने स्वयंपाक जमणार नाही. तांदूळ भिजवून वाटून ठेवलेत, घावनं मी घालते. तू नारळाचा रस काढ, गूळ बेताचा, वेलची सढळ. घावनं वेगळी दे, रस वेगळ्या डब्यात. वर नेऊन दे आणि रिकामे डबे मागत बसू नको. हात बरा झाला की तिचे तिने खाली आणून द्यावेत, असं सांग.