काळ्या रेघेखालचं नाव

ऑर्डवे काउंटी,
शुक्रवार, १४ एप्रिल

प्रिय लॉर्ना,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. पॉलिनचा गुडघा पावसाची आगाऊ सूचना देतो आणि ती सूचना पॉलिन मला देते. त्यामुळे या घरात हवामानाच्या बातम्या लावाव्या लागत नाहीत. शाळेत माझी मुलं इतिहास विसरण्याचं काम मन लावून करताहेत. तू ॲरिझोनाच्या त्या तव्यावर अजून करपली नसशील असं गृहीत धरून पुढे लिहितो.

तू सोपवलेल्या कामाला लागलो आहे. तुझा अर्ज परत आला त्यात वकिलाची काही चूक नव्हती. आपल्या राज्यात सरकारी कागद मागायचा अधिकार आता फक्त इथल्या रहिवाशाला आहे. म्हणजे जिचा मुलगा इथल्या तुरुंगात दगावला ती आई परकी, आणि मी, निव्वळ इथून कुठे जायची धमक झाली नाही म्हणून, अधिकारी पुरुष. तरी शेरीफच्या कचेरीच्या खिडकीवर लायसन्स दाखवावं लागलंच. खिडकीत कोण बसतं ठाऊक आहे? तुझी शाळेतली मैत्रीण रोवेना. तिने लायसन्सवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली की दोघांपैकी एकजण बराच थकलेला दिसतोय.

माझा पहिला अर्ज तिने तिथल्या तिथे परत केला. मी लिहिलं होतं, ‘गॅरेटच्या अटकेसंबंधी असेल ते सर्व’. ‘सर्व’ नावाचा कागद कुठल्याच कपाटात नसतो, असं तिचं म्हणणं. कागदाचं नाव लिहायचं, तारीख लिहायची, माणसाचं पूर्ण नाव लिहायचं. परीक्षेत मी मुलांना हेच सांगत आलो, तेव्हा निमूटपणे दुसरा अर्ज लिहिला. अटकेचा अहवाल शेरीफच्या कचेरीत. आत दाखल केल्याची नोंद तुरुंगाधिकाऱ्याकडे. हे दोघंही आपापल्या मतांवर निवडून आलेले, आणि गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी अबोला धरून आहेत; एकाचा निरोप दुसऱ्याकडे मीच पोचवतो. मदतीसाठी आलेल्या फोनची नोंद अग्निशमन केंद्राच्या तळघरात. असं तीन ठिकाणी विभागून ठेवलंय त्याला.

वर्तमानपत्राचा तो अंक पाठवू का, असं तू विचारलं होतंस. नको. आपल्याकडे अटक झालेल्यांची नावं पाचव्या पानावर येतात आणि मृत्यूच्या बातम्या सहाव्या. आठवड्यातून एकदाच छापतात. त्या आठवड्यात तो दोन्ही पानांवर होता.

आता मुद्द्याचं. अहवाल मिळाला. त्याच्यावर जुनं वॉरंट होतं, जानेवारीत कोर्टाची तारीख चुकवल्याबद्दल. फेब्रुवारीत एक फोन आला, त्यावरून दोन शिपाई ड्वाइटच्या घरी गेले आणि परसातल्या कॅम्पर-गाडीतून, जिथे तो राहायचा, त्याला घेऊन आले. त्याने कसलाही विरोध केला नाही, असं लिहिलंय. ‘फोन करणारी व्यक्ती’ या शब्दांपुढे जाड काळी रेघ आहे. खासगीपणा जपण्यासाठी नाव झाकलंय म्हणे. मी कागद उजेडासमोर धरून पाहिला. हसू नकोस, तूही पाहिला असतास.

तुझं मत पक्कं आहे, मला ठाऊक आहे. घर ड्वाइटचं, फोन तिथूनच गेला असणार, म्हणजे पोलिसांना पोराच्या अंगावर घातलं ते त्याच्या बापानेच. तसं असेल तर गॅरेटची रक्षा पुरताना तो स्मशानात दिसता कामा नये, हेही तू तीनदा लिहिलंस, आणि प्रत्येक वेळी खाली रेघ मारलीस. लॉर्ना, तुम्ही दोघं संसारात एकमेकांना काय काय बोललात त्याचा मी साक्षीदार आहे; बरंचसं योग्यच होतं. पण हे मी त्याला विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नुसता पाना पुसत राहिला. मौन म्हणजे कबुली असं शाळेत शिकवतात. मी तीस वर्षं शाळेत आहे, आणि माझा त्यावर विश्वास नाही.

त्या रेघेविरुद्ध हरकतीचा अर्ज दिला आहे. काउंटीचे वकील निर्णय देतील. तोवर डेकोरेशनच्या रविवारी, कबरी सजवतात त्या दिवशी, रक्षा पुरताना कोणी यायचं याचं काही ठरवून टाकू नकोस. आईबाबांच्या शेजारची जागा मोकळी करून घेतली आहे, त्याची चिंता नको.

जेवत जा. पॉलिनने तुझ्यासाठी सफरचंदाचा मुरंबा बाजूला ठेवला आहे आणि मला हात लावू देत नाही.

तुझा,
मर्ल



ऑर्डवे काउंटी,
मंगळवार, ९ मे

प्रिय लॉर्ना,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला. कारण म्हणून शाळेच्या परीक्षा पुढे करणार होतो, पण त्या तर पुढच्या आठवड्यात आहेत.

इथे सगळं हिरवंगार झालंय. चर्चवाल्यांनी डेकोरेशनच्या रविवारची वाटणी केली: कोणी कबरींवरचं गवत काढायचं, कोणी फुलं आणायची, कोणी जेवणाची टेबलं लावायची. सूप-बीन्स आणि मक्याचा पाव करायचं काम आपल्याकडे आलं आहे. शंभर माणसांचं करायचं, तर पॉलिन कालपासून सेनापतीसारखी बोलते आहे. नव्या पास्टरचं प्रवचन फार लांबतं. मी घड्याळाकडे पाहतो हे त्याच्या लक्षात आलंय, आणि तो आता माझ्याकडे पाहून आणखी लांबवतो.

बघ, एवढं लिहून झालं तरी मी कडेकडेनेच फिरतो आहे.

हरकत मान्य झाली. गेल्या सोमवारी रोवेनाचा फोन आला, शाळा सुटल्यावर ये म्हणून. गेलो तर तिने खिडकी लावून घेतली आणि मला आत बसवलं. त्या कचेरीत आत बसवतात ते सहसा बेड्या घालून. मी तसं म्हणालो, पण ती हसली नाही. तिने वकिलांचं उत्तर वाचून दाखवलं. नाव झाकतात ते माणसाचा खासगीपणा जपण्यासाठी, आणि खासगीपणाचा हक्क जिवंत माणसाला असतो. या प्रकरणात फोन करणारी व्यक्ती हयात नाही. सबब रेघ काढून टाकावी.

मी मूर्खासारखा मनात माणसं मोजायला लागलो. फेब्रुवारीनंतर आपल्यातलं कोण गेलं? ड्वाइटची मावशी गेली, पण तिला ऐकूच येत नव्हतं, ती फोन काय करणार. मग रोवेनाने कागद माझ्यापुढे सरकवला.

फोन गॅरेटने स्वतःच केला होता, लॉर्ना.

मी अग्निशमन केंद्राच्या तळघरात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी बोलण्याची उतरवलेली प्रत वाचू दिली. सगळं मिळून अर्धं पान. तो म्हणतो, “इथं एकावर वॉरंट आहे, येऊन घेऊन जा.” त्या विचारतात, कोण बोलतंय. तो म्हणतो, “तोच.” घरात हत्यार आहे का, आणखी कोणी आहे का, हे त्या विचारतात. “नाही. बाप कामावर गेलाय. तो यायच्या आत आलात तर बरं होईल.” शेवटी थँक यू मॅम म्हणतो. वळण तू लावलेलं, ते तेवढ्यातही सुटलं नाही.

आता तुला काय आठवेल ते मला ठाऊक आहे, म्हणून ते मीच लिहितो. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात तो आत गेला तेव्हा आपण जामीन भरला नाही. तू म्हणालीस राहू दे, निदान आत नशेच्या गोळ्या मिळणार नाहीत, निदान जिवंत राहील. मी हो म्हटलं. ड्वाइटने मान डोलावली. जुन्या पास्टरने तर त्यासाठी भर चर्चमध्ये प्रार्थना केली. या काउंटीत हे कोण करत नाही? व्यसनमुक्तीच्या रुग्णालयात खाट मिळायला महिने लागतात, तुरुंगात संध्याकाळपर्यंत मिळते. लोक पोराला आत टाकतात आणि महिन्यांनंतर प्रथमच निवांत झोपतात. आणि तो बाहेर आला तेव्हा गालावर मांस चढलं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तू त्याला म्हणालीस की तुरुंगानेच तुझा जीव वाचवला. तेव्हा ते खरंच होतं.

या फेब्रुवारीत तो रुग्णालयाच्या यादीत होता, नंबर यायचा होता. अटकेच्या दिवशी सकाळी तो तुझ्याशी फोनवर बोलला त्यात त्याने हे सांगितलं का, ते मला माहीत नाही. नंबर लागेपर्यंत थांबवत नसेल, म्हणून जी जागा माहीत होती तिथे जायचं ठरवलं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच की आतली नर्स शरद ऋतूतच सोडून गेली होती. तिच्या जागी गुरुवारी एक नर्स येते. त्याला नेलं शुक्रवारी. दाखल करतानाच्या नोंदीत ‘नशा उतरते आहे का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलंय. पुढे काय करावं, त्यासाठी त्या कागदावर जागाच नाही. उलट्या, अंगातलं पाणी गेलेलं, आणि सोमवारी सकाळी. बाकीचं तुला ठाऊक आहे.

तुझ्या वकिलाला तुरुंगाविरुद्ध जे करायचं ते करू दे, मी तिन्ही कागद शिक्क्यानिशी पाठवतो आहे. पण तू ज्या माणसाचं नाव शोधत होतीस, ज्याचं तोंड पाहायचं नव्हतं, तसा कोणी माणूसच नाही. गॅरेट तिथे मरायला गेला नव्हता. हे वाक्य मला लिहायला आठ दिवस लागले, तेव्हा कृपा करून ते नीट वाच.

आणि आता ड्वाइट. काल मी त्याच्याकडे हे सांगायला म्हणून गेलो. तो घरी नव्हता, वर स्मशानात होता. आपल्या वाट्याचं गवत तो एकटाच कापत होता, आईबाबांच्या कबरींपासून कुंपणापर्यंत. मी तोंड उघडायच्या आत त्याने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, “मर्ल, मला कळलंय तू कागद काढतोयस ते. सोड ना. काय करायचंय नाव काढून?”

मी म्हटलं, लॉर्नाला हवंय.

“लॉर्नाला काय हवं असणार! तिनंच केला ना फोन. सकाळी बोलली त्याच्याशी, आवाज ऐकला असेल, घाबरली असेल. आईच ती. आत राहिला तर जगेल असं वाटलं तिला. मी तरी दुसरं काय केलं असतं?” मग तो कपाळ पुसत म्हणाला, “लोकांना वाटतंय मी केला. वाटू दे. तिला एवढ्या लांब एकटीला हे कशाला?”

लॉर्ना, फेब्रुवारीपासून तो हे घेऊन फिरतो आहे. दुकानात लोक त्याच्याकडे पाठ करतात, चर्चमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, आणि तो गप्प, कारण बोललो तर लोक तुझ्याकडे बोट दाखवतील असं त्याला वाटतं. मला त्याला तिथेच सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. यंत्राला पेट्रोल आहे का, असं काहीतरी विचारलं आणि खाली आलो. त्याला ते माझ्या तोंडून कळावं असं मला वाटलं नाही.

तेव्हा दोन दिवस आधी ये. शुक्रवारी रात्रीचं विमान घे, मी शहरात घ्यायला येतो. शनिवारी त्याच्याकडे जाऊ; मी हवं तर गाडीत बसून राहीन. तुम्ही दोघांनी गॅरेटला जन्म दिलात, तो गेला कसा हे एकमेकांना तुम्हीच सांगायला हवं. रविवारी त्याला आईबाबांच्या शेजारी ठेवायचं तेव्हा खड्डा ड्वाइटच खणेल, मी कोणाला बोलावलेलं नाही. नको असेल तर उलट टपाली कळव. कळवलं नाहीस तर मी ड्वाइटला रविवारी सकाळी आठला यायला सांगणार आहे.

तुझा मोठा भाऊ, आणि गॅरेटचा मामा,
मर्ल