शेवंती पांढरी का दिसत नाही

१२ ऑक्टोबर, रविवार
परत राखाडी! सत्तेचाळीस फोटो, एकातही शेवंती पांढरी नाही. कॅमेऱ्याला नावं ठेवायची सोय नाही. कुंदनदादाचा आहे, त्याने यावर शंभर लग्नं काढलीत.

दिवाळीनंतर मळा जाणार. दसऱ्याला जेवताना पप्पांनी सांगितलं — विकला, प्लॉट पडणार. म्हणजे हा शेवटचा बहर. मला एकच फोटो हवाय. लहानपणी डोळे चोळत बाहेर यायचे, तेव्हा दिसायचं तसं शेत — दूध सांडल्यासारखं! स्कूलबस यायच्या आधी मम्मी ओटीतली दोन फुलं माझ्या वेण्यांना लावायची. आणि टीचर गेटवरच काढायला लावायच्या.

१३ ऑक्टोबर
कुंदनदादा फोनवर हसला. "ऑटोवर काय काढतेस? मीटर भित्रा असतो गं. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो फोटो डार्क करून टाकतो. तू एक्सपोजर प्लस कर, म्हणजे उजेड वाढेल."
एवढंच??

१५ ऑक्टोबर
एवढंच नाही! प्लस केलं तर शटर स्लो झालं. फुलं तोडणाऱ्या अंबूबाईंचे हात म्हणजे नुसता धूर. त्या स्क्रीनमध्ये डोकावल्या — "आता गं बया, माझं भूतच काढलं की! लय झाक!"
शटर परत फास्ट करायला आयएसओ वाढवला तर फोटो रवाळ. अॅपर्चर उघडलं तर एकच फूल शार्प, मागचं शेत गायब. एकाला दिलं की दुसरा रुसतो.

१६ ऑक्टोबर
खरा प्रॉब्लेम उजेडाचा — ऊन यायच्या आत तोडणी संपते. गाडी बाजारात वेळेवर पोचायला हवी ना. पप्पांना घाबरत विचारलं, शनिवारी चार सऱ्या सातपर्यंत न तोडता ठेवाल?
पप्पा म्हणाले, "ठेवू."
पप्पा! ज्यांनी मम्मीच्या डोहाळजेवणाच्या दिवशीपण तोडणी चुकवली नाही!

१८ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी पावणेसात. शटर एकशेपंचवीस, अॅपर्चर आठ, प्लस दीड.
पांढरी!! तीच! तिथेच बांधावर बसून रडले थोडी.

१९ ऑक्टोबर
पप्पांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "भारी आलाय, पायल. पण यंदा शेवंती अशी नव्हती गं. राखीपासून खत-औषध बंद केलंय मी. मळकटच होती."

राखीपासून! म्हणजे विकायचं तेव्हाच ठरलं होतं, आम्हाला सांगितलं दसऱ्याला.
दोन महिने. रोज पहाटे तोडणीला, हे मनात ठेवून. एकटेच.