ओट्यासमोरची खिडकी

कळंबोली
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दिपा हिस,

तुझ्या सासूचे पोटभर आशीर्वाद. तू आणि बाळी खुशाल असाल. लाडवांत डिंक सढळ हाताने घातला आहे, तेव्हा "आई, तूप लय झालं" असं म्हणायचं नाही. पत्र डब्याच्या तळाशी, कागदाखाली ठेवलं आहे. डबा अंकुशच आणतो आहे. वाटेत दोन लाडू संपवेल, पण तळापर्यंत जायचा नाही. आईला लेकाची धाव ठाऊक.

फोनवरच बोलले असते, पण तो बाजूला असतो, आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप लावतो, हे तुला माहीत आहेच.

तर, मी जाऊन आले. तुझ्या मावशीचे शेजारी काशीराम, त्यांचं घर बघायला. आपल्यात मुलीकडची वडीलधारी माणसं घर बघायला जातात. माझ्याकडची वडीलधारी म्हणजे मीच. "आई, तुमी एकट्याच जा, सगली भांडी उघडून बघा," असं तू भरल्या पोटावर हात ठेवून म्हणाली होतीस.

काशीरामांनी (आता भाऊ म्हणता येत नाही आणि अहो म्हणायला जीभ वळत नाही) मला आधी घरी नाही, खाडीवर नेलं. ओहोटी होती. चिखलात अंगठ्याच्या नखाएवढे खेकडे होते. नरांची एकच नांगी मोठी, जवळजवळ अंगाएवढी. ती वरखाली हलवून सगळे माद्यांना बोलावत होते. एक मादी एका बिळाशी गेली. नर झटकन आत शिरला, ती दारात थांबली, मग उतरली आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन सरळ पुढच्या बिळाकडे चालती झाली.

"तिला पटलं नाय," काशीराम म्हणाले. "येते ती नांगी बघून, पण बसते बीळ बघून. पटलं तर तो चिखलाचा गोळा लावून दार बंद करतो. नाय पटलं तर जाते. कोन तिला नावं ठेवत नाय."

"आणि तो?"

"तो परत चिखल उपसतो."

मला हसू आवरेना. तुझे सासरे गेल्यापासून परक्या माणसासमोर मी अशी हसले नव्हते.

घरी आल्यावर ते चहा ठेवायला आत गेले आणि मी उंबऱ्यातच थबकले. मग गेले. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, ताजा हार घातलेला. तो लपवला नव्हता, हे मला आवडलं. पण स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. निघताना मी एवढंच म्हटलं, "ओट्यावर काळोख हाय."

मला वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या मावशीचा फोन. "काशीरामानं भिंत फोडली गो. खिडकी बसवतोय."

मी परत गेले. ओट्याशी उभं राहिलं की आता खाडी दिसते. त्या दिवशी चहा मी केला.

हे अंकुशला तो जेवत असताना सांगितलं. आता ताट सारून उठतो, असं वाटलं. हात धुऊन आला आणि म्हणाला, "खिडकीला जाली हाय का? खाडीवर मच्छर लय."

मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

दिपा, तू भरल्या दिवसांत माझ्यासाठी नवऱ्याशी भांडलीस. माझ्या आईनेही माझ्यासाठी कधी तोंड उघडलं नव्हतं. तुझे उपकार मी मानते, आणि ते मला जड होत नाहीत.

एकच मागणं आहे. सव्वा महिना झाला की ये. इतकी वर्षं हळदीकुंकवाला मी दाराआड उभी राहिले, माझी ओटी कुणी भरली नाही. ती तू भर. मला निघायच्या वेळी दारापर्यंत सोडायला ये, आणि जमलं तर थोडी रड. लेक सासरी जाताना कुणीतरी रडावं लागतं.

तुझी लेक,
कुमुद