जादाची प्रत

रविवार, संध्याकाळ

तांब्या पार चेपलाय. धाकट्या भावाची, संतोषची, सुट्टी संपली म्हणून आज मटण केलं होतं. जेवताना आबांनी विचारलं, "कराडच्या कॉलेजात शिकवतीस तरी काय?" मी म्हटलं, पाठीचा मणका असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत जनुकं दुप्पट झाली, प्रत्येकाच्या दोन प्रती. एक प्रत जुनं काम करत राहिली, दुसरी मोकळी झाली, म्हणून गर्भात नवे अवयव घडू शकले.

आबा हसले. "आमी बी तेच केलं. थोरला रानात, धाकटा मिल्ट्रीत."

"म्हंजे मी जादाचा? मेलो तरी चालतंय?" संतोषनं तांब्या आबांच्या कपाळावरच हाणला. ताटात रक्त. दादानं त्याचं नरडं धरलं. कशाला बोलले मी?

आई तो चेपका तांब्या घासतीय, अजून.

जादाच्या बहुतेक प्रती मोडून गप्प होतात, हे मी सांगितलंच नव्हतं. संतोषला कसं कळलं?