मागे घेतलेले शब्द

गुरुजी, तुम्हाला पाहिलेलं गावात आता माझ्याशिवाय फारसं कुणी उरलं नाही. तरी आज लिहायला बसलोय, कारण तुमचं एक वाक्य काल माझ्या तोंडून निघालं.

सातवीत मी आपल्या सिंदफणा नदीवर कविता केली होती. तुम्ही ती वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि वर्गासमोर म्हणालात, "ही तुझी न्हाई. कुठून उतरवलीस?" पोरं हसली. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली तरी तुम्ही रांगा हलू दिल्या नाहीत. मला अजून दिसतंय, लिंबाखाली तुम्ही उभे आहात, धोतराचा सोगा मुठीत, हेडमास्तर कपाळाला आठ्या घालून बघतायत. "घरातली सगळी पुस्तकं चाळली, ही कविता कुठंच न्हाई. मी या पोराला चोर म्हणालो ते चुकीचं होतं. ते शब्द मी सगळ्यांदेखत मागे घेतो." मग दंडाला धरून मला पुढं आणलंत, कविता म्हणायला लावलीत. मी भराभर म्हणत सुटलो तेव्हा हळूच म्हणालात, "ओळ संपली की थांब. ऐकणाऱ्याला पोचू दे."

आम्ही पोरं कान धरून तोबा म्हणायचो, पुढारी रोज म्हणतात की आमच्या बोलण्याचा विपर्यास झाला. पण 'मागे घेतो' हे कसं उभं राहून म्हणायचं, ते मी तुमच्याकडं पाहिलं. पाठ असलेल्या सगळ्या कवितांहून ती ओळ मला मोठी वाटत आली.

मागच्या महिन्यात शेजारणीचा एकुलता पोरगा वाळूच्या हायवा ट्रकखाली गेला. सकाळी ओट्यावर चहा पीत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. गावानं मात्र मोटरसायकल घसरली असं ठरवून टाकलं. दहाव्याला मी उभा राहिलो आणि जे पाहिलं ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्या आईकडून ताकाचा तांब्या माझ्या ओट्यावर येऊ लागला.

काल हायवावाल्याची माणसं आली. पाया पडली, गुडघेदुखीची चौकशी केली. मग त्यातला एक म्हणाला, "आबा, नातू याच रोडनं माजलगावला जातो ना कॉलेजला? लई जोरात पळवतो बघा गाडी." आणि मोबाईल समोर धरला. लिहून आणलेला कागद वाचताना मी अडखळत होतो. तो हसला. "कागद ऱ्हाऊ द्या. तुमी कविता म्हणणारं माणूस, तुमच्या शब्दांत बोला की." मी कागद खाली ठेवला. "मी बोललो ते चुकीचं होतं. ते शब्द मी सगळ्यांदेखत मागे घेतो."

संध्याकाळपर्यंत ते घरोघरच्या मोबाईलवर वाजत होतं.

आज सकाळी शेजारीण आली, रिकाम्या हातानं. पदर सावरत म्हणाली, "लई साफ बोललात, आबा. समद्यांना ऐकू गेलं." कालचा तांब्या कोनाड्यात पालथा होता, तो उचलून घेऊन गेली. तिच्या बाजूनं बोलणारं आता कुणी नाही. मी पुन्हा काही बोललो तरी कोण ऐकेल?

हे पत्र घडी करून उशाखालीच राहील. नातवाच्या भीतीनं बोललो, हे खरंच आहे गुरुजी. पण त्या मोबाईलसमोर पहिली ओळ संपल्यावर मी थांबलो होतो. पोचू दिलं होतं. आणि तेवढ्या वेळात मनात आलं होतं, छान म्हटलं आपण.